पायलटभाऊंचा डावा दंड

वरूडपासून अमरावतीपर्यंतच्या रस्त्यावर जो माणूस आमच्या पायलटभाऊंना ओळखत नाही, तो एक तर परगावचा असतो, नाही तर त्याच्या घरात अजून कुणी आजारीच पडलेलं नसतं. पायलट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर विमान आलं असेल तर ते खाली उतरवा. रुग्णवाहिका चालवणाऱ्याला आमच्यात ड्रायव्हर म्हणत नाहीत, पायलट म्हणतात. हा शब्द कुणाच्या डोक्यातून निघाला ठाऊक नाही, पण तो मनापासून खरा मानणारा पृथ्वीतलावरचा एकमेव माणूस म्हणजे आमचे पायलटभाऊ. गावात कुणीतरी एकदा त्यांना "ओ डायवर" अशी हाक मारली, तर त्यांनी वळूनही पाहिलं नाही. हाक मारणारा धापा टाकत समोर येऊन उभा राहिला तेव्हा शांतपणे म्हणाले, "डायवर टरकाले असते बाबू. अँबुलन्सले पायलट असते."

त्या गाडीत मागच्या बाजूला, स्ट्रेचरशेजारच्या बाकड्यावर, डॉक्टर म्हणून मी बसत असे. मी अकोल्याचा. आजोबा वकील, वडील वकील. माझ्या अंगात वाद घालायची ताकद नाही हे घरच्यांच्या वेळेवर लक्षात आलं म्हणून मला आयुर्वेदाच्या कॉलेजात घातलं, तेही पुण्याला. पुढे अँब्युलन्सवर नोकरी लागली. आई तेव्हा "आमचा मुलगा अँब्युलन्सवर असतो" हे सांगताना 'वर' इतकं हळू म्हणायची की ऐकणारा कळवळून विचारायचा, "आता कसं आहे?" पुण्याहून येताना पदवीबरोबर मी तिथली शुद्ध मराठीही उचलून आणली होती. पेशंटला "कुठे दुखतंय आपल्याला?" असं विचारलं की तो गोंधळून पायलटभाऊंकडे पाहायचा. मग ते मधल्या खिडकीतून मागे वळून भाषांतर करायचे, "कुठं दुखून राह्यलं, ते इचारते." पेशंट लगेच पोटावर हात ठेवायचा. म्हणजे माझं अर्धं निदान तेच करत.

गाडी सरकारची, पण हे सरकारला माहीत असावं एवढंच. पायलटभाऊ चपला काढल्याशिवाय सीटवर बसत नसत. काच पुसायला ओला कपडा, मग कोरडा कपडा, मग वर्तमानपत्र असा तीन पदरी विधी असे. त्यांच्या सीटला, आरशाला, खिडकीच्या काचेला परक्याचा हात लागलेला त्यांना लगेच समजे. एकदा उन्हाळ्यात ते जेवायला गेले असताना मी पंख्याच्या हव्यासाने त्यांच्या सीटवर बसलो आणि पाय लांब करण्यासाठी सीट जराशी मागे सरकवली. जेवून आल्यावर ते बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि पुन्हा उतरले. त्या दिवशी त्यांनी माझ्याशी फक्त पेशंटच्या नातेवाइकांमार्फत संवाद केला. "तुमच्या डॉक्टरले सांगा, दरवाजा लावा म्हना. आन् दुसऱ्याच्या सीटवर बसनं चांगलं नसते, तेबी सांगा."

सायरनबद्दल त्यांचे स्वतःचे कायदे होते. कळा सुरू झालेली बाई असली की गाव येईपर्यंत सायरन बंद, कारण लेकरू दचकते. छातीत दुखणारा माणूस असला की सलग. दारू पिऊन नालीत पडलेल्याला मात्र त्यांच्या गाडीत कधी सायरन मिळाला नाही. नियमाप्रमाणे वाजवायला हवा असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "त्याची काय वरात काढून राह्यलो काय साहेब?" चालवताना त्यांचं तोंड बंद नसे. मागच्या पेशंटला ते सगळा रस्ता सांगत. "मावशी, मोर्शी आली बरं. मावशी, मोर्शी गेली. आता पुढं उतार हाये, घाबरू नोका." पेशंट बेशुद्ध असला तरी सांगत. मी म्हटलं, "भाऊ, त्यांना ऐकू येत नाहीये." तर म्हणाले, "तुमाले काय मालूम?" आणि खरंच, मला काय मालूम होतं?

भीती नावाची गोष्ट त्यांच्याजवळ नव्हती. पुराच्या पाण्यातून गाडी काढताना मी मागे मनातल्या मनात रामरक्षा म्हणत असे आणि ते मोठ्यानं भजन म्हणत. एकदा सर्पदंशाचा पेशंट घेतला. वऱ्हाडात साप चावला की नातेवाईक पेशंटबरोबर सापही आणतात, डॉक्टरला ओळख पटावी म्हणून. या लोकांनी तो प्लास्टिकच्या बरणीत आणला होता, आणि झाकण नीट लागलेलं नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं आणि पुढच्या क्षणी मी स्ट्रेचरवर होतो. स्ट्रेचरवर आधीच पेशंट होता. तो बिचारा क्षीण आवाजात म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मले चावला हाये, तुमाले नाही." पायलटभाऊंनी गाडी बाजूला घेतली, मागे आले, झाकण गच्च फिरवलं आणि बरणी स्वतःच्या पायाशी ठेवून अमरावतीपर्यंत घेऊन गेले. पेशंट जगला. तो मला पुढे बाजारात भेटायचा आणि हसायचा.

असा हा माणूस कोरोनाची लस घ्यायला तयार नव्हता.

लस नुकतीच आली होती. पहिला मान आम्हा आरोग्यवाल्यांचा होता. तो मान घ्यायला मात्र कुणी पुढे येईना. आमची गाडी एका ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात उभी असायची. तिथले गाडीवरचे, वॉर्डातले, सफाईचे सगळे लोक एकच वाक्य म्हणत, "पायलटभाऊ घेतीन तं आमी घेऊ." आणि पायलटभाऊंजवळ दर दिवशी नवं कारण असे. सोमवारी उपास. मंगळवारी पोट बिघडलं. बुधवारी अमावास्या. गुरुवारी त्यांनी बाही वर करून दंडावरचा देवीच्या लसीचा जुना वण दाखवला. "हे पाहा. सरकारनं लहानपनी एकडाव टोचलं. मी काही बोललो नाही. आता परत परत कायले?" लस टोचणाऱ्या सिस्टर धामणगावच्या होत्या, फार कमी बोलणाऱ्या. दिवसभरात त्यांच्या तोंडून एकच शब्द निघे, "दंड!" पण समोर दंडच येत नव्हता. त्या रिकाम्या टेबलाशी लसीचा डबा घेऊन बसलेल्या असत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या बाहीकडे पाहत.

अमरावतीहून मला फोन आला, की डॉक्टर, तुमच्या आवारातल्या लोकांचं काय ते बघा. मी म्हटलं, बघतो. वकिलांच्या घरातला असल्यामुळे माणसाला पटवून दिलं की तो ऐकतो, असा माझा तोपर्यंत समज होता. मी सगळ्यांना गॅरेजच्या शेडमध्ये बोलावलं, भिंतीवर खडूने विषाणूचं चित्र काढलं आणि पुण्याच्या मराठीत भाषण सुरू केलं. चित्र मला तरी चांगलं वाटत होतं, गोल आणि भोवती काटे. पायलटभाऊ उठले, चष्मा लावून जवळ गेले आणि म्हणाले, "साहेब, हे तं धोतऱ्याचं बोंड हाये. हे टोचून राह्यले काय आमाले?" हशा पिकला. तो ओसरल्यावर मी सौम्य ताप, अंगदुखी, मळमळ, क्वचित येणारी चक्कर हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. प्रामाणिकपणाचा परिणाम लगेच झाला. भाषणाच्या आधी दोघे जण लस घ्यायला कबूल होते. भाषणानंतर ते दोघेही संत्र्याच्या तोडणीला मामाच्या गावी निघून गेले. सिस्टरने माझ्याकडे असं पाहिलं, की मी खडू खिशात घातला आणि तो पुढे पँटबरोबर धुतला गेला.

एक गोष्ट मी भाषणात सांगितली नव्हती. मी स्वतःही अजून लस घेतलेली नव्हती. मी लोकांना म्हणत असे, "मी आपल्या सगळ्यांसोबतच घेणार आहे." हे ऐकायला फार उदात्त वाटायचं. खरी गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक होती. धावत्या गाडीत, खड्ड्यातून जाताना, मी दुसऱ्याची शीर बरोबर शोधून सुई घालतो. पण तीच सुई माझ्याकडे वळली की मी आडवा होतो. लग्नाच्या आधीच्या रक्ततपासणीला सासरे माझ्याबरोबर होते. त्यांनी मला ज्या अवस्थेत घरी आणलं ते बघून सासूबाईंनी विचारलं होतं, "मुलगा नक्की डॉक्टरच आहे ना?"

त्यानंतर दिवस वाईट आले. अमरावतीकडे पेशंट वाढले, गाडीला उसंत मिळेना. त्या प्लास्टिकच्या पोशाखात आम्ही घामाने भिजून निघायचो. पायलटभाऊंच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, साखरेचा आजार. म्हणून त्यांनी घरात झोपणं बंद केलं. ड्यूटीवरून गेले की विहिरीवर आंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि अंथरूण गोठ्यात बैलांशेजारी. वहिनी ताट उंबऱ्यावर ठेवत आणि ते अंगणात बसून जेवत. जो माणूस बायकोसाठी एवढं करतो, तो लस का घेत नाही, हे मला समजेना. एके दिवशी दुपारी ते निंबाच्या झाडाखाली गाडी धूत होते. मी भाषण न करता नुसतं विचारलं, "भाऊ, खरं सांगा. काहून नाही घेत?"

'काहून' म्हटलं म्हणून असेल, ते थांबले. बादली खाली ठेवली.

"ताप येते म्हनता ना तुमी?"

"येऊ शकतो. एखादा दिवस."

"मंग त्या दिवशी गाडी कोन चालवीन?"

"बदलीवाला येईल."

"तोच!" ते म्हणाले.

बदलीवर येणारा चालक चाळिशीतला, शहरातला, गालात सदैव सुपारी-तंबाखूचा खर्रा. पायलटभाऊंच्या लेखी खर्रा खाऊन स्टिअरिंगला हात लावणं म्हणजे देवळात चपला घालून जाणं. मला वाटलं, एवढंच कारण, आणि मी हसलोही. पण ते हसले नाहीत. फडकं पिळत, माझ्याकडे न पाहता बोलले. काही वर्षांपूर्वी त्यांना मलेरिया झाला म्हणून ते घरी राहिले होते. त्या दिवशी त्यांच्याच शेताशेजारच्या एका माणसाला वावरात काम करताना साप चावला. बदलीवाल्याला पांदण सापडली नाही. शेतातून जाणाऱ्या सगळ्या वाटा सारख्याच दिसतात, तो दुसऱ्याच वाटेने शिरला, चाक रुतलं. गाडी पोचली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मी घरी गोधडी घेऊन झोपलो होतो साहेब," ते म्हणाले. "सायरन मले ऐकू येत होता. चुकीच्या बाजूनं ऐकू येत होता."

कोरोना झाला तर पंधरा दिवस गाडी बंद राहील, हा मुद्दा मी मांडला, कारण मुद्दे मांडायची सवय. ते म्हणाले, "ते समजते मले," आणि पुन्हा काच पुसायला लागले.

मी घरी जाऊन बराच विचार केला आणि ठरवलं, की भाषण पुरे, आता उदाहरण घालून द्यायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात बोलावलं. "मी आज तुमच्यासमोर लस घेतो," असं जाहीर केलं, स्टुलावर बसलो, बाही वर केली आणि चेहऱ्यावर पोस्टरातल्या माणसासारखं हसू आणलं. सिस्टर म्हणाल्या, "दंड!" पुढचं मला आठवत नाही. जे सांगतो ते इतरांनी नंतर मला सांगितलं, आणि अजूनही न चुकता सांगतात. सिस्टरने दंडाला कापूस लावला. कापूस गार होता. मी त्या गारव्याला "आई गं" म्हणालो आणि आंब्याची फांदी वाऱ्याने मोडावी तसा डावीकडे कललो.

शुद्धीवर आलो तेव्हा मी व्हरांड्याच्या फरशीवर आडवा होतो. माझे दोन्ही पाय पायलटभाऊंनी बैलबंडीच्या दांड्यांसारखे वर धरले होते. आजूबाजूला कुजबुज चालली होती. "लसीनं पाडला डॉक्टरले!" वॉर्डातला एक जण म्हणाला, "टोचल्याबरोबर गेला बाप्पा." दुसरा फाटकापर्यंत पोचलाही होता. सिस्टर, ज्या कधी बोलत नसत, त्या ओरडत होत्या, "मी अजून टोचलंच नाही हो! सुईला टोपण तसंच आहे, हे बघा!" त्यांनी सुई हवेत धरली, तसे जवळ उभे होते तेही मागे सरकले. कुणाचा विश्वास बसेना. संध्याकाळपर्यंत ही बातमी मोर्शीला आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीला पोचणार, आणि त्यानंतर या भागातला एकही दंड सिस्टरांना मिळणार नाही, हे मला फरशीवर पडल्यापडल्या स्वच्छ दिसत होतं. उदाहरण मी घालून दिलं होतं, पण कशाचं, हा प्रश्न होता.

तेवढ्यात माझे पाय खाली आले. पायलटभाऊंनी ते हळूच एका बाकड्याच्या कडेवर टेकवले, उभे राहिले आणि फाटकाकडे तोंड करून गरजले, "ये इकडं! कुठं पयून राह्यला? डॉक्टर भेवानं पडला. लसीनं नाही पडला. दोन्हीत फरक हाये का नाही?"

फाटकापर्यंत गेलेला तिथेच थांबला.

"माह्या डॉक्टरचं नाव खराब करता काय बे?" असं म्हणून ते त्या स्टुलावर बसले. अंगातला सदरा काढूनच टाकला. "लावा सिस्टर. डाव्या दंडाले लावा, उजवा गेअरले लागत नाही पन स्टेरिंगले लागते."

"गिअरला डावाच लागतो, भाऊ," मी खालून म्हणालो.

"तुमी पडून राहा."

सिस्टरने टोचलं. पायलटभाऊ सुईकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. त्यांनी हात खाली सोडून माझा हात धरला होता. लोकांना वाटलं ते मला धीर देताहेत. त्यांच्या बोटांनी माझी बोटं ज्या जोराने आवळली, त्यावरून धीर कुणाला हवा होता ते मला कळलं, आणि त्या क्षणी हा माणूस मला माझ्या सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटला. सुई निघाल्यावर ते उठले आणि म्हणाले, "झालं? एवढंच व्हय? आता साहेबाले लावा. उठवू नोका, पडल्यापडल्याच लावा." मग मला तिथेच, फरशीवर, टोचण्यात आलं. मी डोळे मिटून घेतले होते. कधी टोचलं ते समजलं नाही. त्यानंतर वॉर्डातले आले, सफाईचे आले, फाटकापर्यंत गेलेला सगळ्यांत शेवटी आला. लस घेतल्यावर अर्धा तास थांबायचं असतं म्हणून सगळी मंडळी व्हरांड्यात एका रांगेत बसली. पायलटभाऊंनी घरून आणलेली संत्री सोलून प्रत्येकाच्या हातावर फोड ठेवली. सिस्टरने दोन घेतल्या.

मला कणकणसुद्धा आली नाही. माझ्या शरीराने आयुष्यात दाखवलेली ही एवढीच कर्तबगारी. पायलटभाऊंना मात्र दुसऱ्या दिवशी सडकून ताप भरला. बदलीवाला आला. दुपारी पाहतो तो काय, फाटकातून गोधडी पांघरलेली एक आकृती येतेय. मुलाच्या मोटरसायकलवर बसून पायलटभाऊ हजर. निंबाखालच्या खाटेवर, गाडी दिसेल अशा बेताने आडवे झाले. मी रागावलो. ते म्हणाले, "घरी ताप जास्त वाढून राह्यला." बदलीवाल्याने सीट मागे घेतली तेव्हा त्यांनी तोंडावरून गोधडी ओढून घेतली.

आणि नेमका तेव्हाच कॉल आला. संत्र्याच्या एका बागेत कामाला आलेल्या कुटुंबातल्या बाईला कळा सुरू झाल्या होत्या. बाग पार आत, पांदणीच्या शेवटाला. बदलीवाल्याने खाटेकडे पाहिलं. त्याच्या गालातला खर्रा थांबला. "भाऊ, वाट सांगान काय?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात अशी काही लाचारी होती की पायलटभाऊ उठून बसले. मोबाईल कानाला लावला आणि म्हणाले, "थुक आधी. मंग चाल."

सगळा रस्ता ते मधल्या खिडकीशी धरलेल्या माझ्या फोनच्या स्पीकरवर होते. "डाव्या अंगाले टाकी दिसली? आता नाल्यातून काढ, गेअर बदलू नको. पुढं मोठी बाभूळ येईन, तिथून वळ." बाभूळ येईना. आम्ही एका तुरीच्या वावरात शिरलो आणि मी फोनमध्ये ओरडलो, "भाऊ, इथे नुसती तूर आहे!" मग पायलटभाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अरे, ते बाभूळ तं मागच्या साली तोडली. माह्याच ध्यानात नाही राह्यलं. मागं घे. घाबरू नको बावा, मागं घे. चाक बांधावर राहू दे." बदलीवाल्याने गाडी अशी मागे घेतली, की मी त्याच्याविषयी मनात ठेवलेलं सगळं तिथेच सोडून दिलं. आम्ही पोचलो. बाई गाडीत चढली आणि बाळाने रुग्णालयाची वाट पाहिली नाही. पांदण संपून डांबरी लागता लागता ते माझ्या हातात आलं. माझा फोन बाकड्यावर चालूच होता. बाळ रडलं तसा पलीकडून आवाज आला, "कोन हाये? पोट्टा का पोट्टी?" मी म्हटलं, "पोट्टी." तेव्हा त्यांनी त्या अर्ध्या मिनिटाच्या पोरीला सांगायला सुरुवात केली, "मोठा रस्ता आला बरं माय. आता खड्डे नाहीत."

नंतर ताप उतरल्यावर त्यांनी एक गोष्ट केली जी मला त्यांच्याकडून कधीच अपेक्षित नव्हती. सुटीच्या दिवशी बदलीवाल्याला बोलावून घेतलं आणि मोटरसायकलवर मागे बसवून एकेक पांदण दाखवली. कुठल्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, फुटतो, कुठे पावसाळ्यात चिखल खोल असतो, सगळं. बदलीवाला मला म्हणाला, "साहेब, बुढा लय बोलते." पण खर्रा त्याने गाडीत खाणं बंद केलं. दुसऱ्या डोसच्या वेळी व्हरांड्यात पायलटभाऊंनी सगळ्यांत आधी एक बाकडं आणून ठेवलं, त्यावर चादर घातली आणि सिस्टरला बजावलं, "डॉक्टरसाहेबाले आडवं करूनच टोचा." तेव्हापासून तो रिवाजच पडला. पुढे आम्हाला काविळीची लस घ्यायची वेळ आली तेव्हाही कुणाला समजवावं लागलं नाही. मला आडवं करण्याची तयारी पाहायला सगळे आपणहून जमले. अमरावतीच्या बैठकीत वरिष्ठांनी माझं कौतुक केलं, की या डॉक्टरांनी लोकांना फार प्रभावीपणे प्रेरित केलं. मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. कसं प्रेरित केलं ते त्यांनी विचारलं नाही, ही त्यांची कृपा.

पायलटभाऊंची साखरही पुढे वाढली. ती डोळ्यांवर गेली. एका तपासणीत त्यांना समोरच्या पाटीवरची खालची अक्षरं दिसली नाहीत. त्यांनी अंदाजाने सांगून पाहिली, ती चुकली. त्या दिवशी त्यांनी गाडीची किल्ली बदलीवाल्याच्या हातात दिली आणि सीट स्वतःच मागे सरकवून दिली, हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. मी तेव्हा तिथे नव्हतो. अकोल्याच्या एका दवाखान्यात अपघात विभागात लागलो होतो.

यंदा संत्र्याच्या हंगामात मी त्यांना भेटायला गेलो. वहिनींनी जेवू घातलं. पायलटभाऊ बारीक झाले होते, पण बागेतलं प्रत्येक झाड हाताने चाचपून दाखवत होते. निघताना वरूडच्या स्टँडवर पोचवायला त्यांनी मुलाची मोटरसायकल बाहेर काढली, आणि मग एकदम थांबून किल्ली माझ्यापुढे धरली. "तुमीच चालवा साहेब. मी मागं बसतो." मी इतकी वर्षं त्यांच्या मागे बसलो होतो, ते माझ्या मागे पहिल्यांदा बसले. मांडीवर संत्र्याची थैली, एक हात माझ्या खांद्यावर. मी बिचकत चालवत होतो.

वरूड जवळ आलं तेव्हा मागून रुग्णवाहिका आली. मी घाबरून गाडी कडेला घेतली. ती धूळ उडवत आमच्या शेजारून गेली. पायलटभाऊ उतरून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांना ती केव्हाच दिसेनाशी झाली असणार.

"कोन होतं चालवाले?" त्यांनी विचारलं. "आपलाच होता काय?"

मला धुळीत काही दिसलं नव्हतं. "हो भाऊ," मी म्हणालो. "तोच होता. तुमच्याकडे पाहून हात केला त्यानं."

संत्र्याची थैली त्यांनी डाव्या हातात घेतली. मग त्यांनी त्या रिकाम्या रस्त्याच्या दिशेने हात वर केला.